अब्दुल्लाह इब्न बुहैना आमचा का नाही?

मौलाना आझाद जयंतीला आम्ही शाळेत मुलांकडून चार्ट करून घेतो. विषय दरवर्षी तोच, 'जगातले कर्तबगार मुसलमान'. इब्न सिना, अल्-ख्वारिज्मी, अब्दुल कलाम, मुहम्मद अली ही मंडळी ठरलेली. गेल्या खेपेला नववीतल्या एका मुलीने वेगळंच नाव आणलं. मधोमध एका काळ्या माणसाचं चित्र, तोंड उघडं, हातात दोन काठ्या, समोर ड्रमचा पसारा. खाली उर्दूत आणि मराठीत नाव: अब्दुल्लाह इब्न बुहैना. त्याच्याखाली बारीक अक्षरात, आर्ट ब्लेकी. दोष माझाच. आदल्या आठवड्यात ऑफ तासाला मी मोबाइलवर त्याचं वाजवणं ऐकवलं होतं आणि त्याची गोष्ट सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी चार्ट भिंतीवर नव्हता.

एका पालकाने हरकत घेतली होती. "सर, बाजेवाले को दीवार पे लगाते क्या?" दुसऱ्याने इंटरनेटवर शोधाशोध केली होती. म्हणे हा तर कादियानी, याला मुसलमानांच्या यादीत घेणं गुनाह आहे. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं, गर्दुल्ला होता हो तो. संध्याकाळी एका पुरोगामी मित्राला फोनवर हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, हा तरी चिडेल. तो म्हणाला, "काढला ते बरंच झालं. तो कुठे धार्मिक होता? गोऱ्यांचा जाच चुकवायला नाव बदललं त्याने. तुम्ही उगाच त्याला मुसलमान करताय." या चौघांना एका खोलीत बसवलं तर चहा संपायच्या आत भांडतील. चार्ट उतरवण्यावर मात्र त्यांचं एकमत झालं.

म्हणून हे लिहितोय.

आर्ट ब्लेकी ११ ऑक्टोबर १९१९ रोजी पिट्सबर्गमध्ये जन्मला. पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकेचं जमशेदपूर म्हणा, पोलादाचं गाव. तो तान्हा असतानाच आई गेली. बापाने आधीच घर सोडलेलं. ओळखीच्या एका बाईने त्याला वाढवलं. शाळा अर्ध्यात सुटली, कोवळ्या वयात लग्न झालं, दिवसा मजुरी आणि रात्री क्लबात पियानो. पियानोवरून तो ड्रमकडे कसा वळला हे तो मोठं रंगवून सांगायचा. क्लबात एरॉल गार्नर नावाचा पोरगा आला. त्याची बोटं पाहून मालकाने ब्लेकीला पियानोवरून उठवलं आणि ड्रमवर जायला सांगितलं, तेही पिस्तूल दाखवून. (ब्लेकीच्या गोष्टींत मीठमसाला असतो हे त्याचे चाहतेही मान्य करतात. पण गार्नर पुढे केवढा पियानोवादक झाला ते पाहता मालकाचा कान तयार होता म्हणायचा.)

दुसरी गोष्ट मात्र रंगवून सांगायची नाही. फ्लेचर हेंडरसनच्या बँडबरोबर तो दक्षिणेकडच्या राज्यांत दौऱ्यावर गेला होता. जॉर्जियात पोलिसांनी त्याला धरून इतकं मारलं की डोक्यात धातूची पट्टी बसवावी लागली. तेव्हा तो विशी-पंचविशीत होता. त्या वेळच्या अमेरिकेत काळा वादक गोऱ्यांच्या हॉटेलात वाजवू शकत होता, पण तिथे जेवू शकत नव्हता. आपल्या महाराष्ट्रात तमाशाच्या फडाला गावाने डोक्यावर घ्यायचं आणि पाणी वरून ओतायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९४४ ते १९४७ तो बिली एक्स्टाईनच्या मोठ्या बँडमध्ये होता. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, सारा व्हॉन, पुढे माइल्स डेव्हिस, सगळे त्याच बँडमधून गेलेले. जॅझ नाचाच्या हॉलमधून उठून बैठकीत येत होतं, तो हा काळ. याच सुमारास तो मुसलमान झाला. आफ्रिकेत जाऊन आपण धर्म आणि तत्त्वज्ञान शिकून आलो, असं तो सांगे. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये तालिब दाऊद या ट्रम्पेटवादकाबरोबर त्याने स्वतःच्या घरातच इस्लामचं छोटं केंद्र चालवलं होतं. १९४७ मध्ये त्याने मोठा बँड काढला, 'सेव्हन्टीन मेसेंजर्स'. त्याच वर्षी डिसेंबरात ब्लू नोट कंपनीसाठी आठ जणांना घेऊन पहिलं रेकॉर्डिंग केलं, त्यात साहिब शिहाब होता. मेसेंजर म्हणजे पैगाम पोचवणारा. ज्यांना नाव कुठून आलं हे बघायचं असेल त्यांनी बघावं.

आता माझ्या पुरोगामी मित्राचा मुद्दा. डिझी गिलेस्पीने आपल्या १९७९ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की त्या काळी वादकांमध्ये बोललं जायचं, मुसलमान हो, म्हणजे तू 'कलर्ड' राहणार नाहीस. काहींच्या पोलीस कार्डावर खरंच तशी नोंद बदलली, काहींना गोऱ्यांच्या हॉटेलात बसू दिलं, कारण ते आता 'अरब' झाले होते. गोष्ट खरी आहे. मित्र त्यावरून निष्कर्ष काढतो की मग हे धर्मांतर खोटं.

का खोटं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसं उभी राहिली, तेव्हा त्यांना माणूस म्हणून जगायचं होतं. महाराष्ट्रातला कोणता शहाणा आज त्यांना विचारतो की तुम्ही बुद्धासाठी आलात की पाणवठ्यासाठी? विचारलंच तर ऐकणारे त्याला सोडणार नाहीत, आणि बरोबर करतील. इज्जतीसाठी दीन घेणं हा घेण्याचा हलका प्रकार आहे, हे ज्यांची इज्जत कधी कुणी घेतली नाही त्यांनाच सुचतं. ज्या माणसाचं डोकं पोलिसांनी फोडलंय, तो मालकाच्या आजोबांनी त्याच्या आजोबांना चिकटवलेलं आडनाव बाजूला ठेवतो आणि स्वतःला अल्लाहचा बंदा म्हणवतो. अब्दुल्लाह या शब्दात दुसऱ्या कुणाच्या बंदगीला जागा उरत नाही. कलमा वाचणाऱ्याला हे कळत नसेल तर कुणाला कळणार?

आणि 'इब्न बुहैना' बघा. हे नाव हवेतून आलेलं नाही. अब्दुल्लाह इब्न बुहैना हे एक सहाबी होते, आईच्या नावाने ओळखले जाणारे. हदीसच्या पुस्तकांत त्यांची एक रिवायत आहे: हुजूर (स.) एकदा नमाज पढवताना दोन रकातींनंतर बसायचं विसरले, उभे राहिले, आणि शेवटी दोन सजदे करून ती भूल भरून काढली. सजदा-ए-सहवचा मसला ज्यांनी मदरशात घोकलाय त्यांना ही रिवायत माहीत असते. बापाने टाकलेल्या, आई न पाहिलेल्या पिट्सबर्गच्या पोराच्या वाट्याला हे नाव आलं. चार्टवर हरकत घेणाऱ्या पालकांना मी हे सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "पर था तो कादियानी."

था. होताच. मी लपवत नाही. तो अहमदिया जमातीच्या मार्गे इस्लाममध्ये आला. यूसुफ लतीफ, अहमद जमाल, साहिब शिहाब, यांतले बरेच त्याच मार्गाने आले. मी स्वतः अहमदी नाही, त्यांच्या अकीद्याशी माझं जमत नाही, खत्म-ए-नबुव्वतवर माझं ईमान आहे. तेवढं सांगून झालं. आता मला कुणी सांगा, १९२० साली फिलाडेल्फियाच्या बंदरावर कोण उतरलं होतं? आपले कुठले बुजुर्ग? पंजाबातून मुफ्ती मुहम्मद सादिक गेले, कादियानचे. अमेरिकेने त्यांना उतरू दिलं नाही, कित्येक आठवडे अडकवून ठेवलं, आणि तिथे अडकलेल्यांतल्याच काहींना त्यांनी मुसलमान केलं. पुढे शिकागोत गेले, १९२१ मध्ये 'मोस्लेम सनराईज' नावाचं नियतकालिक काढलं. त्यांच्याकडे आलेल्यांत मोठा भरणा काळ्या लोकांचा होता. ज्या इंग्रजी कुरआनमधून कित्येक काळ्या अमेरिकनांनी पहिल्यांदा सूरह फातिहाचा अर्थ वाचला, तो तर्जुमा लाहोरच्या मौलाना मुहम्मद अलींचा, १९१७ चा, तेही अहमदीच. हिंदुस्थानातून समुद्र ओलांडून हे लोक गेले. आपण त्या वेळी काय करत होतो, यावर कधीतरी वेगळं लिहीन.

हार्लेमच्या एखाद्या खोलीत बसलेल्या ड्रमवाल्याने काय करायला हवं होतं? दारात आलेल्या माणसाला परत पाठवून, देवबंदहून कुणी येईपर्यंत थांबायला हवं होतं?

मुहम्मद अलीचं चित्र त्याच भिंतीवर होतं. ते कुणी काढलं नाही. १९६४ मध्ये कॅशियस क्लेने ते नाव घेतलं तेव्हा तो 'नेशन ऑफ इस्लाम'मध्ये होता. त्या संघटनेची शिकवण आपल्या कुठल्याही मौलानांपुढे ठेवा, कानाला हात लावतील. अलीने पुढे १९७५ च्या सुमारास सुन्नी मार्ग धरला हे खरं, पण आपण ज्या मुहम्मद अलीवर फिदा आहोत, व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार देणारा, १९६७ चा, तो तेव्हाही नेशनमध्येच होता. त्याला सूट आहे, कारण तो जिंकतो आणि पोस्टरवर शोभतो. बाजेवाल्याला सूट नाही.

नाव पुसायचीच आवड असेल तर पाकिस्तानातल्या रब्वामध्ये जाऊन या. भौतिकशास्त्राचं नोबेल १९७९ मध्ये मिळवणाऱ्या अब्दुस सलाम यांच्या कबरीवर 'पहिला मुस्लिम नोबेल विजेता' असं लिहिलेलं होतं. त्यातला 'मुस्लिम' शब्द खरवडून काढला. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनाच बदलून ठेवली आहे. आपल्याकडे केरळच्या उच्च न्यायालयाने १९७० मध्येच, न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालात, अहमदी हे मुसलमानच असं म्हटलंय. आपण हिंदुस्थानी मुसलमान उठता-बसता संविधानाचं नाव घेतो. मग या बाबतीत आपल्याला रब्वाचं छिन्नी-हातोडं का हवं असतं?

संगीत हराम की हलाल, यात मी फार शिरत नाही. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी मुली डफ वाजवत होत्या, अबू बक्र रागावले आणि हुजूरांनी त्यांना अडवलं, ही हदीस सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्यावरचे वादही. मला एवढंच दिसतं की मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गाणं होतं तेव्हा हेच लोक पुढच्या रांगेत बसून मान हलवतात. हरकत संगीताला नसावी. 'बाजेवाला' हा शब्द कसा उच्चारला गेला ते मी ऐकलंय. आपल्या गावांत वरातीपुढे ताशा-बँड वाजवणारे कोण असतात? आपलेच असतात, आणि त्यांच्या मुलींची सोयरीक जमवताना बिरादरी काय बोलते तेही मला माहीत आहे. माझ्या वर्गात त्या घरची पोरं बसतात.

या माणसाने केलं काय, ते आता सांगतो, कारण हरकत घेणाऱ्या चौघांपैकी एकानेही त्याचं एक रेकॉर्ड ऐकलेलं नाही.

ड्रमवाला बँडमध्ये मागे बसतो. पुढे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, त्यांच्यावर प्रकाश. ब्लेकी मागे बसूनच बँड चालवायचा. पायाने हाय-हॅटच्या दोन थाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर अशा मिटवायचा की बाकीच्यांना मोजायची गरजच पडू नये. दोन्ही काठ्या कातड्यावर दाबून असा घोळवायचा की लांबून लाट येतेय असं वाटावं. ती लाट चढली की पुढे वाजवणाऱ्या पोराला कळायचं, आता वर जायचंय, किंवा आता बास कर. कोपराने ड्रमचं कातडं दाबून सूर वरखाली करायचा. डग्ग्यावर तळहात सरकवून मींड काढतात, तोच मामला. आपल्या वाजवण्यावर आफ्रिकेचा शिक्का मारलेला मात्र त्याला चालत नसे. जॅझ अमेरिकेचं आहे, हे तो हट्टाने सांगायचा.

१९५४ साली न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात क्लिफर्ड ब्राउन, लू डोनाल्डसन, हॉरेस सिल्व्हर यांना घेऊन त्याने जे वाजवलं त्याचं रेकॉर्ड आहे. त्यात तो माइकवर सांगतो की आपण पोरांबरोबरच राहणार, आणि ही पोरं म्हातारी झाली की आणखी लहान पोरं आणणार. टाळ्यांसाठी बोललेलं वाक्य वाटतं. त्याने ते पुढची छत्तीस वर्षं पाळलं. सिल्व्हर १९५६ मध्ये वेगळा झाला, 'जॅझ मेसेंजर्स' हे नाव ब्लेकीकडे राहिलं, आणि ते नाव एक शाळा झालं. १९५८ मध्ये ली मॉर्गन आला, वीस वर्षांचा. त्याच साली 'मोअनिन' झालं. १९५९ मध्ये वेन शॉर्टर आला, मग फ्रेडी हबर्ड, सीडर वॉल्टन. १९६६ मध्ये काही महिने कीथ जॅरेट. १९८० मध्ये अठरा वर्षांचा विंटन मार्सालिस आला, ज्याला पुढे १९९७ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं, जॅझ रचनेला पहिलंच. त्याच्या जागी टेरेन्स ब्लँचर्ड आला. २०२१ मध्ये त्याचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये झाला. तिथे कृष्णवर्णीय रचनाकाराचा ऑपेरा होण्याची ती पहिली वेळ.

मी बी.एड. केलंय. अध्यापन पद्धतीवर तीन पेपर लिहिलेत, एकातही हे नव्हतं की विद्यार्थी तयार झाला की त्याला वर्गातून घालवायचा असतो. ब्लेकी घालवायचा. पोरांना तो फक्त वाजवायला सांगत नसे. स्वतःच्या चाली लिहून आणायला लावायचा, रोज रात्री लोकांसमोर वाजवून घ्यायचा. वेन शॉर्टरच्या सुरुवातीच्या कितीतरी रचना या बँडसाठी लिहिलेल्या आहेत. तो तिथला संगीत दिग्दर्शकच झाला होता आणि बँडवर नाव ब्लेकीचं होतं. आमच्याकडे दहावीच्या निकालाचं श्रेय कोणत्या सरांचं यावर दोन-दोन महिने बोलाचाली बंद असते. असो.

हेरॉईनचं सांगतो. सहकारी खोटं बोलला नव्हता. ब्लेकीला व्यसन होतं, आणि मला जास्त डाचतं ते हे की त्याच्या बँडमधली पोरंही त्यात गेली. ली मॉर्गन मेसेंजर्समध्ये असतानाच त्याच्या आहारी गेला, १९६१ मध्ये त्याला बँड सोडावा लागला. गुरू म्हणून ब्लेकीच्या हिशेबात हे लिहिलंच पाहिजे, आणि ठळक लिहिलं पाहिजे. धर्माचरणही पन्नासच्या दशकात सुटलं असं सांगतात. त्याची शोकसभा १९९० मध्ये हार्लेमच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाली. यातलं काहीही मी मुलांपासून लपवणार नव्हतो. नववीच्या पोरांना गर्दचं नाव माहीत नाही असं समजणाऱ्यांनी आमच्या शाळेमागच्या गल्लीत एक चक्कर टाकावी. त्यांना बिनडागाच्या माणसांचे चार्ट दाखवून झालेत. त्यांच्यापुढे असा माणूसही यावा, जो एका बाबतीत थोर होता आणि दुसऱ्या बाबतीत त्याने नुकसान केलं.

पण त्याचे जवळचे लोक शेवटपर्यंत त्याला 'बू' म्हणायचे, बुहैनामधला बू. १९६१ च्या रेकॉर्डचं नावच 'बुहैनाज डिलाइट'. त्याच्या एका मुलीचं नाव सकीना. वेन शॉर्टरची एक रचना तिच्या नावाची आहे. नमाज सुटली असेल, नाव सुटलं नाही. ईमानाचा हिशेब करणारा वर बसलाय. ते काम पालक-शिक्षक संघाकडे कधी आलं मला माहीत नाही.

त्या ऑफ तासाला मी मुलांना 'फ्रीडम रायडर' ऐकवलं होतं. १९६१ चा मे महिना. काळे आणि गोरे तरुण एकत्र बसून बसने दक्षिणेत निघाले होते, कारण बसमधली वेगवेगळी आसनं कोर्टाने बेकायदा ठरवूनही चालूच होती. १४ मे ला अलाबामात त्यांची एक बस जाळली. त्या महिन्याच्या २७ तारखेला ब्लेकी स्टुडिओत बसला आणि सात मिनिटांहून जास्त वेळ एकट्याने ड्रम वाजवला. गाणं नाही, सॅक्सोफोन नाही, एक शब्द नाही. आधी वर्गात खसखस पिकली. मग मागच्या बाकावरची दोन पोरं बाकावर बोटं आपटायला लागली, ताशावाल्यांच्या घरची. मी थांबवलं नाही. संपल्यावर चार्टवाल्या मुलीने विचारलं, "सर, बस जाळली तेव्हा आतली माणसं वाचली का?" मी सांगितलं, वाचली. आणि नंतर दुसऱ्या बसमध्ये बसली.

मुलीला मी अजून नीट सांगू शकलेलो नाही की चार्ट का काढला. तिने एकदाच विचारलं आणि परत विचारलं नाही. चार्ट माझ्या कपाटात आहे, गुंडाळून. ज्या शाळेला हवा असेल तिने मागावा, पाठवून देईन.